अल्गॉन्क्विनला कॅनू, तंबू आणि ट्राउट: परमिट आणि लायसन्स नेमकं कुठे अडतं

दर वर्षी एप्रिल संपत आला की फोन सुरू होतात. "अरे, मेच्या लाँग वीकेंडला आम्ही सहा जण कॅनू घेऊन अल्गॉन्क्विनला जातोय. परमिट कसं काढायचं?" खरं उत्तर असं असतं की डिसेंबरमध्ये काढायचं होतं. पण तसं तोंडावर कसं सांगणार? म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतातलं, टोरांटोपासून तीनेक तासांवरचं अल्गॉन्क्विन हे १८९३ मध्ये स्थापन झालेलं पार्क. आत कॅनूचे (वल्हवायच्या हलक्या, अरुंद होडीचे) मार्ग २,००० किलोमीटरहून जास्त. सरोवरात वल्हवायचं, मग कॅनू डोक्यावर घेऊन जंगलातून पुढच्या सरोवरापर्यंत चालायचं (याला पोर्टेज म्हणतात), रात्री काठावर तंबू ठोकायचा. यासाठी दोन वेगवेगळे कागद लागतात, दोन वेगवेगळ्या खात्यांचे. आतल्या जंगलात राहण्याचं, म्हणजे बॅककंट्री परमिट ऑन्टारियो पार्क्सचं. मासे धरायचं लायसन्स प्रांताच्या नैसर्गिक संसाधन मंत्रालयाचं. एक काढलं म्हणजे दुसरं आपोआप मिळत नाही. तरीही "परमिटचे पैसे भरलेत ना, मग मासे त्यातच आले" असं म्हणणारा प्रत्येक ग्रुपमध्ये एक तरी असतोच.

आधी परमिट. ऑनलाइन खातं उघडा, कुठून पाण्यात उतरणार ते निवडा, कोणत्या रात्री कोणत्या सरोवरावर ते भरा, पैसे भरा. एवढंच. घोळ होतो तो तारखेचा. बुकिंग पाच महिने आधी उघडतं, आणि हे पाच महिने पोहोचण्याच्या दिवसापासून मागे मोजायचे. १६ मेला उतरायचं असेल तर १६ डिसेंबरला सकाळी ७ वाजता. "१ डिसेंबरला अख्खा मे उघडतो" हा गैरसमज कुठून आला देव जाणे, पण त्यापायी लोक १ तारखेला पहाटे उठून बसतात, काही मिळत नाही म्हणून वैतागतात आणि १६ तारखेला साखरझोपेत असतात. ७ वाजता म्हणजे ऑन्टारियोच्या घड्याळाने ७. पुण्यातल्या भावाला कामाला लावणार असाल तर डिसेंबरात तिथे संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. लाँग वीकेंडला सोपी, जवळची सरोवरं बघता बघता संपतात.

उतरायची ठिकाणंही नीट बघून निवडा. कॅनू लेक म्हणजे ५ नंबर, ओपिओंगो म्हणजे ११ नंबर. दोन्हीकडे जायचा रस्ता हायवे ६० वरूनच फुटतो, म्हणून लोक "तिथे गेल्यावर बघू" म्हणतात. तिथे गेल्यावर काही बघता येत नाही. तुमचं परमिट ज्या ठिकाणाचं, तुम्ही तिथलेच. नंतर बदल करायचा तर पैसे पडतात, तेही जागा शिल्लक असेल तरच. परमिट ज्याच्या नावावर आहे तो माणूस सोबत हवा. नावावर एक आणि प्रत्यक्षात दुसराच, असली आपल्याकडची सोय इथे चालत नाही.

आणखी एक. बुकिंग सरोवराचं होतं, ठरावीक जागेचं नाही. काठावर झाडांना नारिंगी पाट्या लावलेल्या असतात, त्यातली जी रिकामी दिसेल ती तुमची. जो आधी पोहोचला त्याला चांगली. घरून दुपारी बाराला निघून, वाटेत दोनदा चहाला थांबून, अंधारात पाट्या शोधत फिरण्यात काही मजा नाही. ओपिओंगोवर तर दुपारनंतर वारा सुटला की लाटा उठतात, तेव्हा सकाळीच उतरा.

एका जागेवर जास्तीत जास्त ९ माणसं. दहावा नाही म्हणजे नाही. एका वर्षी आमच्यातल्या एकाचा मावसभाऊ आदल्या रात्री "मीपण येतो" म्हणून गाडीत बसला. ऑफिसच्या खिडकीशी उभं राहून दोघांसाठी वेगळं परमिट काढावं लागलं. त्याच सरोवरावर एक जागा शिल्लक होती हे आमचं नशीब. ते दोघं तीन रात्री खाडीच्या पलीकडे झोपले आणि जेवायला रोज वल्हवत आले.

आता मासेमारी. इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात ते "रहिवासी" या एका शब्दावर. १८ ते ६४ वयाच्या माणसाला आउटडोअर्स कार्ड (मासेमारी-शिकारीसाठीचं प्रांताचं ओळखपत्र) आणि लायसन्स दोन्ही लागतं. कार्ड तीन वर्षं चालतं. फक्त एका दिवसाचं लायसन्स घेतलं तर कार्डाची गरज नाही. ऑन्टारियोचा रहिवासी म्हणजे ज्याचं मुख्य घर ऑन्टारियोत आहे आणि जो अर्जाच्या आधीच्या १२ महिन्यांत सलग ६ महिने तरी इथे राहिला आहे. याचा नागरिकत्वाशी किंवा पीआरशी (कायम वास्तव्याच्या परवानगीशी) संबंध नाही. सप्टेंबरात आलेला विद्यार्थी मे महिन्यात बिनधास्त रहिवासी म्हणून अर्ज करू शकतो. पण जानेवारीत आलेल्याने मे महिन्यात तिथे टिकमार्क केली तर ती खोटी माहिती ठरते, मग भले त्याच्याकडे पीआर कार्ड असो. त्याने बाहेरच्यांसाठीचं महागडं लायसन्स घ्यायचं, किंवा जुलैपर्यंत दम धरायचा.

आणि आई-बाबा. हे जरा सविस्तर सांगतो, कारण याच्यावरून एकदा रेंजरसमोर आमची फजिती झाली आहे. ६५ च्या पुढच्यांना लायसन्स लागत नाही, हे खरं. पण ही सवलत कॅनडात राहणाऱ्यांना आहे. पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेले तुमचे सत्तर वर्षांचे बाबा त्यात बसत नाहीत. त्यांच्यासाठी लायसन्स काढा. एका दिवसाचंही मिळतं. कॅनडात राहणाऱ्या ६५ वरच्यांनीसुद्धा वय दाखवणारं सरकारी ओळखपत्र जवळ ठेवायला हवं. जवळ म्हणजे कॅनूत. ते गाडीच्या कप्प्यात ठेवून तीन सरोवरं पार गेलेल्या काकांना काय सांगायचं?

लायसन्स दोन प्रकारचं, स्पोर्ट आणि कॉन्झर्वेशन. ट्राउट आणि सॅल्मन जातीचे मासे सगळे मिळून स्पोर्टवर दिवसाला ५, कॉन्झर्वेशनवर २. लेक ट्राउटची मर्यादा याहून वेगळी आहे, ती झोन १५ च्या (अल्गॉन्क्विन ज्या मासेमारी विभागात येतं त्याच्या) तक्त्यात बघून घ्या. फसगत होते ती पुढे. "तीन दिवस, रोज पाच, म्हणजे पंधरा" हा हिशेब चुकीचा. जवळ बाळगायची मर्यादाही साधारण एका दिवसाइतकीच असते आणि त्यात आइसबॉक्समधले, गाडीतले सगळे मासे मोजले जातात. खाऊन संपवलेत तर दुसऱ्या दिवशी परत गळ टाका. साठवून घरी नेण्याचा विचार सोडा.

मदर्स डेच्या वीकेंडला कॅनडात राहणाऱ्यांना लायसन्सशिवाय मासे धरता येतात, हेही खरं. पण वीकेंड म्हणजे शनिवार आणि रविवार. तुम्ही शुक्रवारी संध्याकाळी गळ टाकलात की विनापरवाना झालात. शिवाय त्या दोन दिवशी मर्यादा कॉन्झर्वेशनची लागते.

ट्राउटचा हंगाम एप्रिलच्या चौथ्या शनिवारी सुरू होऊन ३० सप्टेंबरला संपतो. पण एप्रिलअखेर अनेकदा सरोवरांवर बर्फ असतो, म्हणजे हंगाम उघडलेला आणि पाणी बंद. जुलैत पाणी तापतं आणि ट्राउट खोल जातात, तेव्हा काठावरून गळ टाकून काही लागत नाही. म्हणून मे चांगला, आणि ब्लॅक फ्लाय नावाच्या चावऱ्या माश्याही तेव्हाच. डोक्यावरून घ्यायची जाळी न्या, हसू नका.

वाटेतल्या दुकानातून जिवंत छोटे मासे आमिष म्हणून घेऊ नका. अल्गॉन्क्विनमध्ये ते वापरायला आणि त्यासाठी जवळ ठेवायलाही बंदी आहे. कॅनूत माणशी एक लाइफ जॅकेट, १५ मीटरची तरंगणारी दोरी, पाणी उपसायला भांडं आणि शिट्टी हवी. कॅनू भाड्याने घेतलीत तरी हे सगळं आहे ना ते मोजून घ्या.

शेवटी डबे. आतल्या भागात टिनचे डबे आणि काचेच्या बाटल्या चालत नाहीत. म्हणजे जाळता न येणारं, एकदा वापरून टाकायचं, खाण्यापिण्याचं कुठलंही डबा-बाटलीसारखं पॅकिंग नाही. औषधं, इंधन, डासांचं मलम चालतं. हे दर वेळी ग्रुपवर लिहितो, आणि दर वेळी कुणाच्या तरी बॅगेतून गुलाबजामचा टिन निघतो. गेल्या खेपेला केशर आंब्याच्या रसाचा मोठा डबा निघाला, वर "पुऱ्यांचं पीठही मळून आणलंय" असं ऐकायला मिळालं. पार्किंगमध्ये स्विस चाकूने डबा फोडला आणि स्टीलच्या पेल्यांत रस वाटून सगळ्यांनी तिथेच संपवला. सकाळचे साडेआठ वाजले होते.