फाइली व मोकळी जागा समूळ पुसणे

डिलीट केलेल्या फाइलींचा मजकूर आणि डिस्कवरची 'मोकळी' दिसणारी जागा कोणत्याही रिकव्हरी सॉफ्टवेअरला वाचता येणार नाही अशी करणे. डिलीट म्हणजे पुसणे नव्हे. उताऱ्यावरचे नाव कमी झाले म्हणून शेत जागचे हलत नाही. विंडोजची एनटीएफएस फाइलव्यवस्थाही नोंदीवर 'वापरात नाही' एवढीच खूण करते. त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत मजकूर तसाच पडून असतो. क्विक फॉरमॅटमध्येही नोंदवहीच तेवढी नवी होते. विंडोज व्हिस्टापासूनचा पूर्ण फॉरमॅट मात्र डिस्कभर शून्ये लिहितो.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात हा विषय झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानात सर्वांत जवळून भेटतो. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर आधार, रेशनकार्ड, कर्नाटकाचा आरटीसी उतारा आणि हद्दीपलीकडे शेत असेल तर महाराष्ट्राचा सातबाराही पाठवते. दुकानदार तो उतरवून घेऊन छापतो. एकाच माणसाची दोन राज्यांतली कागदपत्रे एकाच डाउनलोड्स फोल्डरात जमतात. रात्री फोल्डर रिकामा केला तरी ती डिस्कवर राहू शकतात, आणि पुढे संगणक एक्स्चेंजमध्ये किंवा भंगारात गेला की त्याच्याबरोबर जातात. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रींच्या (ओतकाम कारखान्यांच्या) ड्रॉइंगांचेही तेच.

ही भीती पोकळ नाही. सिम्सन गारफिंकल आणि अभी शेलाट या संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १५८ जुन्या हार्ड डिस्क विकत घेतल्या होत्या. चालू असलेल्या १२९ पैकी फक्त १२ नीट पुसलेल्या निघाल्या.

फिरत्या तबकडीच्या डिस्कवर उपाय सोपा आहे: जागेवर दुसरे काही लिहायचे. विंडोजमधली 'सायफर' ही आज्ञा डब्ल्यू या पर्यायासह दिली, की मोकळी जागा आधी शून्यांनी, मग उलट बिटांनी, शेवटी यादृच्छिक आकड्यांनी भरते. चालू फाइलींना हात लावत नाही. एसडिलीट, इरेझर, ब्लीचबिट हीही त्याच कामाची साधने आहेत. तरी फटी उरतात. खूप छोटी फाइल एनटीएफएस मूळ नोंदीतच ठेवते, त्यामुळे नुसती मोकळी जागा भरून ती सुटू शकते.

किती वेळा लिहायचे, यावर उगाच भांडणे होतात. संगणकशास्त्रज्ञ पीटर गुटमन यांनी १९९६ साली ३५ फेऱ्यांची पद्धत मांडली, पण त्यातल्या बऱ्याच फेऱ्या तेव्हाच्या जुन्या डिस्कांच्या लेखनपद्धतींसाठी होत्या. आजच्या तबकडीला एक फेरी पुरते. १ टीबीची डिस्क सेकंदाला १२० एमबी वेगाने भरायला सव्वादोन तासांच्या वर लागतात. ३५ फेऱ्यांना तीन दिवसांहून जास्त. मध्येच वीज गेली तर नव्या नमनाला घडाभर तेल.

एसएसडीवर, म्हणजे तबकडीऐवजी चिपांत मजकूर साठवणाऱ्या डिस्कवर, हे गणित मोडते. झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून तिचा कंट्रोलर (डिस्कचे कामकाज चालवणारी आतली चिप) 'त्याच जागी' लिहायला सांगितलेला मजकूर दुसऱ्याच पेशींत लिहितो, शिवाय काही जागा संगणकाला दिसतच नाही. कोणती जागा मोकळी झाली हे डिस्कला कळवणाऱ्या ट्रिम आज्ञेने मोकळ्या पेशी कालांतराने पुसल्या जातात, पण कधी ते आपल्या हातात नसते. म्हणून तिथे डिस्कमध्येच असलेली सिक्युअर इरेझ आज्ञा वापरतात. त्याहून बरे म्हणजे पहिल्या दिवसापासून संपूर्ण डिस्क कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी, ठेवावी. विकताना किल्लीच्या सर्व प्रती नष्ट केल्या की उरतो तो नुसता गोंगाट. बिघडलेली, आज्ञाच न घेणारी डिस्क फोडण्यावाचून इलाज नाही. वितळवायचीच तर उद्यमबागेत भट्ट्यांना तोटा नाही.

दुकानदारांच्या सहसा लक्षात येत नाही ते वेगळेच: बऱ्याच मोठ्या डिजिटल झेरॉक्स यंत्रांतही हार्ड डिस्क असते आणि स्कॅन केलेल्या पानांच्या प्रतिमा तिच्यावर राहू शकतात. अशा यंत्रांच्या मेनूत बहुधा डेटा पुसण्याचा पर्याय असतो. जुने यंत्र विकताना तो वापरायचा राहून जातो.