डाळिंबाची साल आणि अथणीची चप्पल

बेळगावात ज्यूसच्या गाड्यामागं डाळिंबाच्या सालींचा ढीग पडलेला असतो बघा, तिकडं कोण ढुंकून पण बघत नाही. आमची आज्जी मात्र साल वाळवून डब्यात ठेवायची, पोट बिघडलं की उगाळून चाटवायची, आणि ती इतकी तुरट की जीभ टाळूलाच चिकटायची.

सगळी गंमत त्या तुरटपणातच आहे. तो येतो टॅनिनमुळं, आणि टॅनिनची खोड अशी की प्रोटीन दिसलं की त्याला धरून बसायचं. लाळेतलं प्रोटीन धरलं की तोंड कोरडं पडतं. अथणी-निपाणीकडं चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावतात ना, तिथं पण हेच, टॅनिन कातड्यातल्या प्रोटीनला आवळून टाकतं मग बॅक्टेरियाला ते कुजवता येत नाही. डाळिंबाच्या सालीत प्युनिकॅलॅजिन नावाचं टॅनिन भरपूर, ते बॅक्टेरियाच्या आवरणावर आणि एन्झाइमवर असंच जाऊन बसतं (एन्झाइम म्हणजे पण प्रोटीनच की).

लॅबमध्ये सालीची पूड अल्कोहोलात नाहीतर पाण्यात भिजवून अर्क काढतात, अगारच्या (जेलीसारख्या थराच्या) प्लेटवर बॅक्टेरिया पसरून मधे भोक पाडून त्यात अर्क सोडतात, ३७ डिग्रीला रात्रभर ठेवलं की भोकाभोवती मोकळं रिंगण दिसतं, म्हणजे तेवढ्या जागेत बॅक्टेरिया वाढले नाहीत, ते मिलिमीटरमध्ये मोजायचं. स्टॅफिलोकोकस ऑरियसच्या प्लेटवर रिंगण सहसा मोठं, ई. कोलाय आणि साल्मोनेलाच्या प्लेटवर लहान. ग्राम नावाच्या शास्त्रज्ञानं १८८४ मध्ये रंग देऊन बॅक्टेरिया ओळखायची युक्ती काढली, त्यात हे दोघे ग्राम-निगेटिव्ह, म्हणजे यांच्या अंगावर एक जादा पडदा असतो, अर्काला आत शिरायला अवघड.

म्हणून लगेच सालीचा काढा उकळायला घेऊ नका हां. डाळिंबावर फवारण्या किती होतात ते आपल्याकडं सगळ्यांना माहितीय, आणि प्लेटवरचा घट्ट अर्क पोटात गेल्यावर पातळ होतो. शिवाय खव्याची मिठाई उन्हाळ्यात तासन्‌तास बाहेर राहिली तर स्टॅफिलोकोकस तिच्यात विष सोडून मोकळा होतो, ते विष उकळून पण जात नाही, मग नंतर बॅक्टेरिया मारून काय उपयोग? अर्काचं काम त्याच्या आधीचं, म्हणून तो मटण-चिकनमध्ये नाहीतर पॅकिंगच्या कागदात घालून माल जास्त दिवस टिकतो का हे तपासतात.

खानापूरकडं आमटीत आमसूल पडतंच, ती पण कोकमाची सालच. तिथं टॅनिनपेक्षा आंबटपणा जास्त काम करतो, कारण आंबट जेवणात बऱ्याच बॅक्टेरियांना वाढता येत नाही.