बंब उभा, इंजिन कामात: जुन्या फायर इंजिनांची पार्श्वभूमी

मराठीतला ‘बंब’ हा शब्द पोर्तुगीज ‘बोंबा’वरून आला, आणि बोंबा म्हणजे पंप. शब्द अगदी नेमका आहे. आगीचा बंब म्हणजे आधी पंप आणि मग गाडी. आगीच्या ठिकाणी पोचणं हा त्याच्या कामातला सोपा भाग; इंजिनाचा खरा कस गाडी थांबल्यावर लागतो. जुन्या बंबाचं इंजिन ट्रकच्या इंजिनासारखंच असणार, असं धरून जे ते उघडतात त्यांची पहिली चूक तिथेच होते.

थोडा हिशेब करून पाहू. मिनिटाला १००० ब्रिटिश गॅलन म्हणजे ४५४६ लिटर पाणी ७ बार दाबाने फेकायचं, तर सुमारे ५३ किलोवॅट, म्हणजे ७१ अश्वशक्ती निव्वळ पाण्यात जाते. पंपाची कार्यक्षमता ६५ टक्के धरली तर शाफ्टवर ११० अश्वशक्तीच्या आसपास लागतात. त्या काळचा ट्रक एवढी ताकद घाट चढताना काही मिनिटं लावायचा. बंबाला ती तासन्‌तास द्यावी लागते, तीही जागच्या जागी, रेडिएटरवर वाऱ्याची झुळूक नसताना. शिवाय हे काम थंड इंजिन सुरू केल्यापासून दहा-पंधरा मिनिटांत अंगावर पडतं. या इंजिनांच्या रचनेतल्या बहुतेक विचित्र वाटणाऱ्या गोष्टींचं उत्तर या दोन अटींत आहे.

ब्रेथवेट आणि एरिक्सन यांनी १८२९ मध्ये लंडनमध्ये वाफेवरचा पहिला बंब बनवला. पुढे शँड मेसन आणि मेरीवेदर या ब्रिटिश कंपन्यांनी वाफेचे पंप उत्तम केले, पण बॉयलरला वाफ धरायला वेळ लागायचा आणि ओढायला घोडे लागायचे. १९०४ मध्ये मेरीवेदरने लंडनजवळच्या फिंचलीसाठी पेट्रोलवर चालणारा बंब बांधला. त्यात अ‍ॅस्टर कंपनीचं इंजिन होतं आणि तेच इंजिन गाडी थांबल्यावर हॅटफिल्ड पिस्टन पंप फिरवायचं. १९०८ मध्ये गिल्डफर्डच्या डेनिस बंधूंनी आपला पहिला बंब ब्रॅडफर्डला दिला, त्यावर पिस्टनऐवजी टर्बाइन पद्धतीचा, म्हणजे फिरत्या पात्यांनी पाणी भिरकावणारा सेंट्रिफ्यूगल पंप होता.

हा बदल इंजिनासाठी फार महत्त्वाचा. पिस्टन पंप स्वतःच हवा ओढून पाणी वर आणतो, पण पुढची नळी अचानक बंद झाली तर दाब कुठेतरी फुटणारच. जास्तीचा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह अडकला तर होज फुटतो किंवा इंजिन बंद पडतं. सेंट्रिफ्यूगल पंपात नळी बंद केली तरी पाणी आतल्या आत घुसळत राहतं, इंजिनाला धक्का बसत नाही. मात्र तो हवा ओढू शकत नाही, म्हणून त्याला वेगळा प्रायमर, म्हणजे आधी हवा काढून पाणी वर आणणारं साधन लागतं. शिवाय त्याचा दाब फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात आणि ताकदीची मागणी घनाच्या प्रमाणात वाढते. फेरे दहा टक्के वाढवले तर इंजिनावरचा भार साधारण ३३ टक्क्यांनी वाढतो. जुनं इंजिन चालवताना ‘थोडा रेस दे’ म्हणण्याआधी हा आकडा डोक्यात असलेला बरा.

वाटेत बंद पडलं तर चालणार नाही, म्हणून दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या अनेक बंबांना दुहेरी इग्निशन होतं: एक मॅग्नेटो (बॅटरीशिवाय स्वतःच स्पार्कची वीज बनवणारा), एक बॅटरी-कॉइल, आणि प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग. अशा इंजिनाची तपासणी सोपी आहे. इंजिन गरम करून एक इग्निशन बंद करायचं, मग ते सुरू करून दुसरं बंद करायचं. दोन्ही वेळा फेरे सारखेच उतरले पाहिजेत. एका बाजूला जास्त उतरले तर चालू राहिलेल्या बाजूचं टायमिंग मागे आहे किंवा स्पार्क कमजोर आहे. मॅग्नेटोची एक ठरलेली खोड अशी, की थंड असताना ठणठणीत स्पार्क देतो आणि वीस-पंचवीस मिनिटांनी मरतो. जुन्या वाइंडिंगचं शेलॅक इन्सुलेशन उष्णतेने मऊ होऊन आतल्या आत गळती सुरू होते, किंवा कंडेन्सर गेलेला असतो. पॉइंट घासत बसून काही होत नाही. आर्मेचर नव्याने गुंडाळून घ्यावं लागतं आणि त्याच वेळी चुंबकही चार्ज करून घ्यावा.

कूलिंगचा इतिहास सगळ्यात जास्त त्रास देतो, म्हणून इथे जरा थांबू. सुरुवातीला सरळ मार्ग होता: पंपातलंच पाणी बारीक नळीने इंजिनाच्या जॅकेटमध्ये, म्हणजे सिलिंडरांभोवतीच्या पोकळीत सोडायचं, जास्तीचं बाहेर वाहू द्यायचं. पाणी फुकट आणि थंड. पण ते तळ्याचं, नदीचं, कधी खाडीचं. परिणामी आज असं इंजिन उघडलं की ब्लॉकच्या मागच्या टोकाला, शेवटच्या दोन सिलिंडरांभोवती, वाळू, गंज आणि क्षार यांचा सिमेंटसारखा थर सापडतो. रेडिएटर साफ, थर्मामीटर ठीक, तरी शेवटचा सिलिंडर जाम होतो तो याच थरामुळे. नुसत्या केमिकलने तो निघत नाही. जॅकेटच्या बाजूच्या प्लेट आणि कोअर प्लग काढून, वाकवलेल्या तारेने खरवडून, मग उलट्या दिशेने पाणी मारावं लागतं.

नंतर आला बंद सर्किटचा मार्ग. इंजिनाचं पाणी वेगळं आणि पंपाचं वेगळं. पंपाचं पाणी हीट एक्स्चेंजरमधल्या तांब्याच्या नळ्यांतून जातं आणि इंजिनाची उष्णता घेऊन बाहेर पडतं. या नळीला पन्नास-साठ वर्षांनी बारीक भोक पडतं. ओळखायची खूण पक्की आहे: पंप दाबावर चालू केला की इंजिन थंड असूनही रेडिएटरच्या ओव्हरफ्लोतून पाणी येऊ लागतं. लोक हेड गॅस्केट गेलं समजून हेड उतरवतात. त्याआधी एक्स्चेंजर काढून, एक तोंड बंद करून, हाताच्या टेस्ट पंपाने १० बारपर्यंत पाणी भरून दहा मिनिटं ठेवावं. काटा खाली आला की दोष सापडला.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटिश बंबांत रोल्स-रॉइसच्या बी मालिकेची इंजिनं आली. चार, सहा आणि आठ सिलिंडरांची ही मालिका एकाच आराखड्यावर बांधलेली, पुष्कळसे पार्ट एकमेकांना लागणारे. आठ सिलिंडरांच्या बी ८० चा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ३.५ इंच, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ४.५ इंच, क्षमता ५६७५ घन सेंटीमीटर. बी ८१ चा बोअर ३.७५ इंच, क्षमता ६५१६. डेनिसने १९४९ च्या सुमारास एफ ७ मॉडेलमध्ये आणि पुढे एफ १२ मध्ये हे सरळ आठ सिलिंडरांचं इंजिन बसवलं. हाच घराणेदार आठ सिलिंडरांचा आराखडा १९५० ते १९५६ मध्ये बनलेल्या रोल्स-रॉइसच्याच फँटम ४ या गाडीत होता. अशा गाड्या अवघ्या १८ बनल्या, त्या राजघराणी आणि राष्ट्रप्रमुखांसाठी. ब्रिटिश सैन्याच्या सॅरासेन आणि स्टॉलवर्ट वाहनांतही ही मालिका होती, त्यामुळे तिचे पार्ट आजही सापडतात. मात्र सैन्याचं इंजिन आणलं तर चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं), मॅनिफोल्ड आणि फ्लायव्हीलची बाजू जुन्या इंजिनावरची उतरवून बसवावी लागते हे आधीच धरून चालावं.

या इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट बाजूला ब्लॉकमध्ये असतो. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, ब्लॉक ओतीव लोखंडाचा, आणि स्टड पोलादी. पाणी आणि गंज मिळून स्टडभोवती पांढरी भुकटी साचते आणि हेड स्टडला इतकं चिकटतं की पहारीने उचललं तर हेडच वाकतं. घाई करू नये. सगळे नट काढून प्रत्येक स्टडच्या मुळाशी रोज पेनिट्रेटिंग ऑइल सोडावं, आठवडाभर. मग स्टडला दोन नट एकमेकांवर आवळून स्टड एकेक करून बाहेर काढावेत. स्टड निघाले की हेड हाताने हलतं.

बरीच वर्षं उभं असलेलं इंजिन स्टार्टरने फिरवून पाहणं हाच मोठा घात. आठही प्लग काढून प्रत्येक बोअरमध्ये २५ ते ३० मिलिलिटर पातळ तेल आणि डिझेल निम्मं-निम्मं सोडावं, चार-पाच दिवस ठेवावं. तोवर बाजूची झाकणं काढून एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पाहावेत: निदान एक तरी वर उघडा अडकलेला असतो. त्याला गाइडमध्ये तेल देऊन हलक्या हाताने खालीवर करत मोकळा करावा. त्यानंतरच हँडलने, प्लगशिवाय, दोन पूर्ण फेरे. चेंबर उतरवलाच पाहिजे; तळाशी दोन-तीन सेंटीमीटर काळा चिखल हमखास असतो. तो तसाच ठेवून आजचं डिटर्जंट तेल घातलं की चिखल सुटतो आणि गाळणी तुंबून बेअरिंग जातं. सफाईनंतर २०डब्ल्यू-५० खनिज तेल, जस्ताचं प्रमाण चांगलं असलेलं, कारण टॅपेट सपाट आहेत. प्लग न लावता ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत फिरवावं, मग पेट्रोल. बी ८० चा फायरिंग ऑर्डर १-६-२-५-८-३-७-४. वायर काढण्याआधी खुणा नसतील तर हा क्रम भिंतीवर लिहून ठेवावा.

‘फक्त दहा हजार मैल चाललेला’ असं म्हणून जुना बंब विकला जातो, तेव्हा मीटरवर विश्वास ठेवू नये. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. इंजिन गरम असेल तर ती वाफ धुराड्यातून निघून जाते. बंब मात्र बहुतेक वेळा थंड सुरू होतो, थोडा पळतो आणि परत शेडमध्ये. पाणी बोअरच्या वरच्या टोकाला जमतं, जळणाच्या आम्लाशी मिसळतं आणि धातू खातं. बी मालिकेच्या कुळातल्या सुरुवातीच्या गाड्यांत बोअरच्या वरच्या भागाला क्रोमचा मुलामा आणि पुढे तिथे गंज न धरणारी आखूड स्लीव्ह आली, ती याच झिजेसाठी. मोजताना बोअर वरच्या रिंगच्या जागी आणि तळाशी, दोन्ही दिशांनी मोजावा. मुलामा पापुद्र्यासारखा सुटला असेल तर होनिंगने, म्हणजे बोअर आतून घासून भागत नाही.

याच काळातली दुसरी एक वाट फार सुंदर आहे. कोव्हेंट्री क्लायमॅक्स या ब्रिटिश इंजिन कंपनीकडे पोर्टेबल पंपासाठी हलक्या इंजिनाची मागणी आली आणि वॉल्टर हॅसन व हॅरी मंडी यांनी १०२० घन सेंटीमीटरचं पूर्ण अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन रचलं. नाव एफडब्ल्यू, म्हणजे फेदर वेट. त्याचीच वाढवलेली आवृत्ती लोटस आणि कूपरच्या रेसिंग गाड्यांत गेली. चौघांनी उचलून न्यायच्या पंपाचं इंजिन शर्यतीत उतरावं हे आश्चर्य नाही; कमी वजनात, थंडपणातून थेट पूर्ण ताकद, ही मागणी दोन्हीकडे तीच होती.

आपल्याकडे आता दुखणं पेट्रोलचं. पेट्रोल पंपावरचं ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुना रबर डायफ्रॅम फुगवतं, कॉर्क खराब करतं, टाकीचा जुना सीलंट विरघळवतं, आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. ते पाणी वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसलं की गंज कार्बोरेटरच्या जेटमध्ये येतो. डायफ्रॅम आणि नळ्या इथेनॉल चालणाऱ्या मालाच्या घालाव्यात, आणि काम संपल्यावर फ्लोट चेंबर रिकामं होईपर्यंत इंजिन चालवून बंद करावं. इथेनॉलमुळे मिश्रण पातळ होतं, म्हणून मेन जेट एक माप मोठा लागू शकतो. प्लगचं टोक पांढरं दिसलं की ते ओळखावं. पेट्रोलमधलं शिसं गेल्यापासून एक्झॉस्ट सीट ब्लॉकमध्येच कोरलेली असेल तर ती खचते. टॅपेटचं अंतर दर वेळी कमी झालेलं आढळलं, तर समजावं की सीट खाली चालली आहे आणि कडक धातूची रिंग बसवायची वेळ आली.

१४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला आणि ६६ अग्निशमन जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो, आणि जिथे जुना बंब जपला आहे तिथे तो बाहेर काढला जातो. पाच मिनिटं इंजिन, घंटा, फोटो, आणि बंद. जपण्याच्या भावनेने केलेली हीच गोष्ट बोअरला सगळ्यात जास्त नडते. इंजिन सुरू केलं तर किमान ४० मिनिटं, भारावर, पाणी ७५ ते ८० अंशांवर पोचेपर्यंत चालवावं. भार द्यायला पंप आहेच: टाकीतून ओढून टाकीतच सोडावं, ४ ते ५ बारवर.

त्याआधी पंपाची कोरडी व्हॅक्यूम चाचणी. सगळी तोंडं बंद करून प्रायमरने २२ इंच पाऱ्यापर्यंत ओढायचं आणि थांबायचं. पाच मिनिटांत १० इंचांपेक्षा जास्त पडू नये. पडलं तर सक्शनच्या वॉशरपासून सुरुवात करून सांध्यांवर साबणाचा फेस लावावा आणि पंपात हवेचा हलका दाब देऊन बुडबुडे शोधावेत. एक्झॉस्ट इजेक्टरचा, म्हणजे धुराच्या झोताने हवा ओढणारा प्रायमर असेल तर काजळीने त्याची झडप पूर्ण बसत नाही, हे पहिलं कारण. ती अर्धवट बंद राहिली तर मात्र धूर कोंडतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतात. शाफ्टभोवतीची ग्रॅफाइट पॅकिंगची ग्लँड चालताना थेंब-थेंब गळलीच पाहिजे. पूर्ण कोरडी आवळली की शाफ्टवर खाच पडते.

पाणी ओढताना थ्रॉटलपासून हात काढू नये. सक्शनमध्ये हवा शिरली की भार एका क्षणात जातो आणि गव्हर्नर (फेरे आपोआप आवरणारा भाग) नसलेलं आठ सिलिंडरांचं इंजिन डोळ्यादेखत फेरे ओलांडतं. दाबाचा काटा थरथरला की आधी थ्रॉटल खाली, मग कारण शोधायचं. शेवटी दोन मिनिटं मंद चालवून बंद करावं, पंपाचे सगळे ड्रेन कॉक उघडावेत, हीट एक्स्चेंजरचा कॉकही. तो खाली, गाडीच्या पोटाशी असतो आणि हमखास विसरला जातो.