हमीभाव, भावांतर आणि खर्च कोणाच्या खिशातून? थोडा मागचा इतिहास

हमीभावाचा विषय निघाला की आपल्या पुण्यात दोन टोकं, एक म्हणतं शेतकऱ्याला फुकट वाटताय, दुसरं म्हणतं सगळा माल सरकारनंच घ्यावा. मला वाटतं आधी बघा पैसे कोण भरतं.

१९६५ ला हमीभाव सुचवणारा कृषी मूल्य आयोग आणि धान्य खरेदी करून साठवणारं सरकारी महामंडळ एफसीआय, दोन्ही आले. देश तेव्हा अमेरिकेच्या पीएल-४८० या मदत योजनेतल्या गव्हावर चालत होता, त्यामुळे खरेदी करून साठवणं बरोबरच होतं. पण यात नुसता भाव देऊन भागत नाही, हमाली, बारदान, वाहतूक, गोदाम, व्याज सगळं सरकारवर, वर पंजाबात खरेदी हमखास म्हणून भातच लावत गेले आणि बोअर खोल खोल गेले, ते कुठल्या बजेटमध्ये धरणार? आणि २०१५ ला एफसीआयचा फेरविचार करायला नेमलेल्या शांता कुमार समितीनं सांगितलं की सरकारी खरेदीचा फायदा जेमतेम ६ टक्के शेतकऱ्यांना.

आपल्या महाराष्ट्राची कापूस एकाधिकार खरेदी आठवते का, म्हणजे राज्यातला कापूस फक्त सरकारनंच घ्यायचा? १९७२ पासूनची. बाहेर भाव चढला की कापूस शेजारच्या राज्यात जायचा, बाहेर भाव पडला की सगळा सरकारच्या काट्यावर, मग तोटा होणारच ना.

युरोपनं १९६२ पासून भाव चढे ठेवले, ग्राहकानं महाग लोणी खाल्लं आणि तरी गोदामं लोण्यानं भरली, शेवटी १९९२ ला भाव उतरवून हेक्टरी थेट पैसे द्यायला लागले. ब्रिटननं मात्र युद्धानंतर बरीच वर्षं बाजारभाव स्वस्त ठेवून वरचा फरक तिजोरीतून दिला. मध्य प्रदेशचं २०१७ चं भावांतर साधारण त्याच जातीचं. गोदाम लागत नाही हे खरं, पण व्यापाऱ्यांनी भाव पाडले अशा तक्रारी लगेच आल्या.

आणि कांदा? चाकणला शेतकरी संघटनेच्या शरद जोशींचं आंदोलन कांद्यावरूनच पेटलं, पण हमीभावाच्या २३ पिकांत कांदा आजही नाही. उलट डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली ती थेट मे २०२४ ला उठली. तेवढे महिने शहरात कांदा स्वस्त राहावा म्हणून जो खर्च झाला तो सरकारनं केला नाही, चाकण-मंचरकडच्या कांदेवाल्यांनी स्वतःच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या पैशातून भरला, आणि सबसिडीवर बोलताना ही रक्कम कोणी मांडतच नाही.