रोबुस्तुस

रोबुस्तुस : बळकट, कणखर, टणक या अर्थांचे लॅटिन विशेषण. ‘रोबुर’ या नामापासून ते बनले असून त्या नामाचा मूळ अर्थ ओक वृक्षाचे कठीण लाकूड असा आहे. नामाचे जुने रूप ‘रोबुस’ होते. पुढे लॅटिनमध्ये दोन स्वरांमधील ‘स’चा ‘र’ झाला आणि त्या ओघात नामाचे रूपही बदलले. विशेषणात मात्र ‘त’च्या आधी आलेला मूळचा ‘स’ टिकून राहिला.

त्याही मागे गेल्यास तांबडा रंग भेटतो. फेस्टुस या रोमन कोशकाराच्या ग्रंथाचा जो संक्षेप उपलब्ध आहे, त्यात शेतकरी तांबड्या बैलाला ‘रोबुस’ म्हणत आणि तशाच रंगाच्या शिरा भरपूर असलेल्या लाकडाला म्हणून ‘रोबुर’ हे नाव पडले, असे स्पष्टीकरण आहे. आधुनिक भाषाशास्त्रही हा संबंध मान्य करते. लॅटिन ‘रुबेर’ (तांबडा) आणि संस्कृत ‘रुधिर’ हे शब्द त्याच इंडो-युरोपीय धातूचे आहेत. पिकावरील तांबेऱ्याला रोमन लोक ‘रोबिगो’ म्हणत; हा शब्दही याच कुळातला असून तांबेरा टळावा म्हणून 25 एप्रिल रोजी रोबिगालिया हा सण पाळला जाई.

अर्थाचा प्रवास रोमन कवी होरेसच्या काव्यात फार स्पष्ट दिसतो. इ. स. पू. 23 च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ओडसंग्रहाच्या (ओड म्हणजे भावकवितेचा एक प्रकार) तिसऱ्या भागात ग्रीक पुराणकथेतील राजकन्या दानाए हिला कोंडलेल्या बुरुजाची दारे ‘रोबुस्तुस’ आहेत, म्हणजे ओकची व त्यामुळेच अभेद्य. त्याच भागात खडतर सैनिकी जीवनाने घडलेल्या तरुणासाठीही हेच विशेषण येते. लॅटिनमध्ये बळ दाखवणारी इतरही विशेषणे आहेत, पण ‘वालिदुस’मध्ये निरोगीपणाची आणि ‘फोर्तिस’मध्ये शौर्याची छटा ठळक आहे. काळाने व कष्टाने मुरलेला, जून लाकडाचा चिवटपणा हे ‘रोबुस्तुस’चे खरे वैशिष्ट्य मानावे लागेल, आणि म्हणूनच पूर्ण वाढ झालेल्या, प्रौढ वयासाठीही ते वापरले जाई.

वृक्षाची आठवण रोमान्स, म्हणजे लॅटिनपासून निघालेल्या, भाषांनी जपली : इटालियन ‘रोव्हेरे’ आणि स्पॅनिश ‘रोब्ले’ हे ओकवाचक शब्द ‘रोबुर’पासूनच आले. पोप दुसरा ज्यूलियस ज्या देल्ला रोव्हेरे घराण्यातला होता, त्याच्या कुलचिन्हावर ओक वृक्षच आहे. न्यायालयात साक्षीला मिळणाऱ्या पुष्टीसाठी इंग्रजीत रूढ असलेली ‘कोरॉबोरेशन’ ही संज्ञाही याच मुळाची. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसने 1753 मध्ये युरोपीय ओकच्या एका जातीला ‘क्वेर्कस रोबर’ असे नाव दिले. दक्षिण भारतात मोठ्या प्रमाणावर पिकणाऱ्या रोबस्टा कॉफीचे नाव म्हणजे याच विशेषणाचे स्त्रीलिंगी रूप होय. पुराजीवशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूम याने 1938 मध्ये दक्षिण आफ्रिकेतील क्रोमड्राई येथील जीवाश्मांना ‘पॅरॅन्थ्रोपस रोबस्टस’ हे नाव दिले. दणकट जबडा आणि मोठ्या दाढा ही त्या मानवसदृश प्राण्याची ठळक लक्षणे आहेत.