आफ्रिकी-अमेरिकी नागरी हक्क अनुदान योजना

अमेरिकेतील कृष्णवर्णीय नागरिकांनी समान हक्कांसाठी दिलेल्या लढ्याशी निगडित वास्तू, स्थळे आणि आठवणी यांचे जतन करण्यासाठी तेथील संघराज्य सरकार स्पर्धात्मक पद्धतीने जे अर्थसाहाय्य देते, त्याची ही योजना आहे. राष्ट्रीय उद्याने व ऐतिहासिक स्थळे सांभाळणारी ‘नॅशनल पार्क सर्व्हिस’ ही सरकारी संस्था ती राबवते. पहिली तरतूद २०१६ या आर्थिक वर्षासाठी ८० लाख डॉलरची होती आणि जानेवारी २०१७ मध्ये वीसहून अधिक राज्यांतील ३९ प्रकल्पांना मिळून सुमारे ७५ लाख डॉलर जाहीर झाले. पुढील वर्षांत तरतूद वाढत गेली. राज्ये, मूलनिवासी जमातींची शासने, स्थानिक स्वराज्य संस्था आणि ना-नफा संस्था यांना अर्ज करता येतो.

योजनेचा पैसा ‘हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन फंड’ या निधीतून येतो. अमेरिकेत १९६६ मध्ये ऐतिहासिक वारशाच्या जतनाचा राष्ट्रीय कायदा झाला आणि ऐतिहासिक स्थळांची राष्ट्रीय नोंदवही (नॅशनल रजिस्टर) तयार होऊ लागली. त्या कायद्यात १९७६ साली दुरुस्ती होऊन हा निधी अस्तित्वात आला. किनाऱ्यापासून दूर समुद्रात तेल व वायू काढण्यासाठी कंपन्यांना जे पट्टे दिले जातात, त्यांच्या उत्पन्नातून वर्षाला १५ कोटी डॉलरपर्यंत रक्कम या निधीत जमा करण्याची तरतूद करण्यात आली. देशाच्या एका नैसर्गिक ठेव्याचा उपसा होत असताना त्यातील काही भाग दुसऱ्या ठेव्याच्या रक्षणासाठी खर्च व्हावा, असा त्यामागचा विचार होता. मात्र जमा झालेली रक्कम आपोआप खर्चाला मिळत नाही. ती काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, दर वर्षी मंजूर करावी लागते, आणि बहुतेक वर्षी मंजूर रक्कम कमाल मर्यादेपेक्षा कमीच राहिली. याच निधीतून कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या जुन्या महाविद्यालयांच्या इमारतींना १९९० च्या दशकापासून साहाय्य मिळत आले आहे. नोंदवहीत ज्यांचे प्रतिनिधित्व अपुरे आहे अशा समाजगटांच्या स्थळांसाठी २०१४ पासून एक छोटी अनुदान योजनाही चालते.

स्वतंत्र योजनेची गरज का भासली, हे पाहण्यासाठी नोंदवहीच्या निकषांकडे वळावे लागते. एखादे स्थळ महत्त्वाचे असून भागत नाही. त्याचे मूळ रूप टिकलेले असावे लागते. स्थान, रचना, परिसर, बांधकाम-साहित्य, कारागिरी, त्या काळाचा प्रत्यय आणि घटनेशी असलेला संबंध अशा सात अंगांनी हे तपासले जाते. धनिकांचे वाडे आणि राज्यांची विधानभवने या कसोटीला सहज उतरतात. कृष्णवर्णीय वस्त्यांमधील चर्च, केशकर्तनालये, वकिलांची कार्यालये किंवा पाहुण्यांना उतरवून घेणारी खाजगी घरे मात्र साधी, कमी खर्चात बांधलेली आणि गरजेनुसार पुन्हा पुन्हा बदललेली असतात. त्यातच विसाव्या शतकाच्या मध्यावर शहर-नूतनीकरण आणि महामार्ग यांच्या नावाखाली अशा कित्येक वस्त्या मुळासकट पाडल्या गेल्या. वारसा आधी उद्ध्वस्त करायचा आणि मग तो मूळ रूपात उरला नाही म्हणून यादीबाहेर ठेवायचा, असा हा उफराटा न्याय होता. रोझेनवाल्ड शाळांचे उदाहरण बोलके आहे. कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन आणि उद्योगपती ज्युलियस रोझेनवाल्ड यांच्या पुढाकाराने व स्थानिक कृष्णवर्णीयांच्या वर्गणीतून दक्षिणेकडील १५ राज्यांत सुमारे पाच हजार शाळा उभ्या राहिल्या. आज त्यांपैकी जेमतेम दहा टक्के शिल्लक आहेत.

अनुदानाचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात प्रत्यक्ष बांधकाम येते: छप्पर व पाया दुरुस्त करणे, गळती थांबवणे, तसेच त्याआधी लागणारे वास्तुतज्ज्ञांचे अहवाल व जतन-आराखडे. दुसऱ्या, तुलनेने लहान रकमेच्या प्रकारात सर्वेक्षण, मौखिक इतिहासाचे ध्वनिमुद्रण, प्रदर्शन आणि शैक्षणिक साहित्य यांचा समावेश होतो. या दुसऱ्या प्रकाराला तुलनेने कमी प्रसिद्धी मिळते, पण त्याचे मोल कमी नाही, कारण पाडलेली वास्तू परत उभी करता येत नसली तरी तिथे काय घडले हे सांगणारी माणसे काही ठिकाणी अजून हयात आहेत आणि १९६० च्या दशकात ऐन तारुण्यात मोर्चांत चाललेली ती पिढी आता ऐंशीच्या घरात आहे.

योजनेचे सर्वांत उपयुक्त वैशिष्ट्य म्हणजे अर्जदाराला स्वतःचा हिस्सा घालावा लागत नाही. वारसा-जतनाच्या अनेक अनुदानांत जितकी रक्कम मागायची तितकीच स्वतः उभी करावी लागते, आणि काही डझन वृद्ध सभासद उरलेल्या गावातल्या चर्चला ते अशक्य असते. तरीही अटी थोड्या नाहीत. बांधकामासाठी अनुदान हवे असल्यास वास्तू राष्ट्रीय नोंदवहीत असणे वा त्या पात्रतेची असणे महत्त्वाचे ठरते. त्यामुळे पुष्कळदा आधी नोंदणीसाठी एक प्रकल्प आणि मग दुरुस्तीसाठी दुसरा, असा दोन टप्प्यांचा प्रवास करावा लागतो. काम शासनाने ठरवलेल्या जतन-मानकांनुसारच व्हावे लागते. जुन्या लाकडी खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या बसवणे स्वस्त आणि सोपे असते. मानके मात्र कुजलेला तेवढा भाग बदलून बाकीची चौकट टिकवायला सांगतात, आणि असे काम जाणणारे सुतार शोधावे लागतात. पैसा सर्वसाधारणपणे आधी खर्च करून मग परताव्याच्या रूपाने मिळतो. शिवाय मालमत्तेवर जतन-करार नोंदवावा लागतो आणि त्यानुसार ठरावीक वर्षे मालकाला परवानगीशिवाय वास्तूत फेरफार करता येत नाही. ज्या संस्थेकडे पगारी कर्मचारी एकही नाही, तिला हिस्सा माफ असला तरी ही कागदपत्रेच जड जातात. चांगला अर्ज लिहिणारे मनुष्यबळ ज्यांच्याकडे आहे त्यांना झुकते माप मिळते, ही टीका त्यामुळे निराधार म्हणता येत नाही.

अलाबामातील सेल्मा येथील ब्राउन चॅपल ए.एम.ई. (आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल) चर्चचा अनुभव या सर्व बाबींवर प्रकाश टाकतो. १९०८ मध्ये बांधलेल्या या चर्चमधून ७ मार्च १९६५ रोजी मतदानाच्या हक्कासाठी सुमारे सहाशे लोक राज्याची राजधानी माँटगोमेरीच्या दिशेने निघाले. एडमंड पेटस पुलावर राज्य पोलिसांनी त्यांच्यावर लाठ्या आणि अश्रुधुराचा मारा केला, आणि जखमी लोक याच चर्चकडे परतले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मतदान हक्क कायदा झाला. पुढे या इमारतीला गळतीने आणि वाळवीने पोखरले. योजनेतून अनुदान मिळाले, पण काम हाती घेतल्यावर लाकडाचे नुकसान आधीच्या अंदाजापेक्षा बरेच जास्त असल्याचे दिसून आले. २०२२ मध्ये ‘नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन’ या खाजगी ना-नफा संस्थेने देशातील सर्वाधिक धोक्यात असलेल्या ११ स्थळांच्या यादीत या चर्चचा समावेश केला. जगप्रसिद्ध असलेल्या स्थळाची ही स्थिती होती. वाळवीला प्रसिद्धीशी देणेघेणे नसते.

अलाबामातीलच बर्मिंगहॅम येथील ए. जी. गॅस्टन मोटेलची कथा वेगळी आहे. आर्थर जॉर्ज गॅस्टन या कृष्णवर्णीय उद्योजकाने वंशभेदामुळे अन्यत्र खोली न मिळणाऱ्या प्रवाशांसाठी १९५४ मध्ये ते सुरू केले. १९६३ च्या आंदोलनात त्यातील ३० क्रमांकाची खोली मार्टिन ल्यूथर किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या खलबतांची जागा होती. १२ एप्रिल रोजी अटक करवून घेण्याचा निर्णय त्यांनी तेथेच घेतला, आणि ११ मे रोजी मोटेलवर बॉम्ब टाकण्यात आला. वंशभेद कायद्याने संपल्यावर ग्राहकांना इतर हॉटेलांची दारे उघडली आणि मोटेलचा धंदा बसला, हा इतिहासाचा एक उपरोधच होय. १९८६ मध्ये मोटेल बंद झाले, काही काळ तेथे वृद्धांची निवासव्यवस्था होती आणि नंतर इमारत अनेक वर्षे ओस पडली. १२ जानेवारी २०१७ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी या परिसराला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला. नगर प्रशासन व पार्क सर्व्हिस यांच्या संयुक्त प्रयत्नांतून झालेल्या पुनरुज्जीवनाला या योजनेचेही साहाय्य लाभले. जवळच असलेल्या सोळाव्या रस्त्यावरील बाप्टिस्ट चर्चमध्ये १५ सप्टेंबर १९६३ रोजी झालेल्या बॉम्बस्फोटात चार मुली मृत्युमुखी पडल्या होत्या.

लढ्यातील इतकी स्थळे चर्चच्या रूपात असल्यामुळे सरकारी पैसा धर्मस्थळांना देता येतो का, हा घटनात्मक प्रश्न येथे अटळ ठरतो. २००३ मध्ये बॉस्टनमधील ओल्ड नॉर्थ चर्चला जतनासाठी संघराज्याचे अनुदान देताना सरकारने आधीचे बंदीचे धोरण बदलले. अनुदान ऐतिहासिक वास्तूच्या जतनासाठी असून उपासनेसाठी नाही, ही भूमिका त्यानंतर रूढ झाली. ती मान्य झाली नसती तर या योजनेचा मोठा भाग कागदावरच राहिला असता.

सरकारी निधीला खाजगी दानाची जोड मिळाली आहे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये व्हर्जिनियातील शार्लट्सव्हिल येथे वर्णवर्चस्ववाद्यांच्या मेळाव्यात हिंसाचार झाल्यानंतर त्याच वर्षी नॅशनल ट्रस्टने ‘आफ्रिकन अमेरिकन कल्चरल हेरिटेज ॲक्शन फंड’ स्थापन केला. फोर्ड फाउंडेशनसारख्या संस्थांनी त्याला हातभार लावला, आणि २०२१ मध्ये दानशूर लेखिका मॅकेन्झी स्कॉट यांनी त्याला दोन कोटी डॉलर दिले. जानेवारी २०१८ मध्ये कायदा होऊन देशभरातील नागरी हक्क स्थळांचे एक जाळे पार्क सर्व्हिसच्या अखत्यारीत निर्माण झाले. कृष्णवर्णीयांच्या विस्मृत दफनभूमींसाठी वार्षिक ३० लाख डॉलरच्या अनुदानाला २०२२ च्या अखेरीस कायद्याने मान्यता मिळाली. मान्यता मिळणे आणि प्रत्यक्ष रक्कम मंजूर होणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, हे अशा सर्व कायद्यांच्या बाबतीत लक्षात ठेवावे लागते.

काँग्रेसच्या मंजुरीवरील या परावलंबित्वाचा प्रत्यय नंतरच्या वर्षांत आला. हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन फंड या मूळ निधीत रक्कम जमा करण्याची कायदेशीर मुदत २०१६ च्या कायद्याने २०२३ पर्यंत वाढवण्यात आली होती, आणि ती संपल्यावर दीर्घ मुदतीचे नूतनीकरण लांबत गेले. २०२६ या आर्थिक वर्षासाठी ट्रम्प प्रशासनाने मांडलेल्या प्रस्तावात निधीचे जवळजवळ सर्व अनुदान रद्द करून केवळ कृष्णवर्णीयांच्या जुन्या महाविद्यालयांसाठीची तरतूद कायम ठेवण्याची सूचना होती. अमेरिकी पद्धतीत असा प्रस्ताव बंधनकारक नसतो. तरतुदीचा अंतिम निर्णय काँग्रेस घेते.