वयवारीतलं उणे उत्तर : पार्श्वभूमी

पोलीस भरती असो, तलाठी भरती असो की राज्यसेवा, तयारीच्या पुस्तकात ‘वयवारी’चं प्रकरण असतंच. आज वडील ४८ वर्षांचे आणि मुलगा १८ वर्षांचा आहे. किती वर्षांनी वडिलांचं वय मुलाच्या तिप्पट होईल? मांडणी बहुतेकांना जमते: ४८ + क्ष = ३(१८ + क्ष). सोडवलं की क्ष येतो उणे ३. नाशिकच्या अभ्यासिकांत हुज्जत सुरू होते ती इथे. एक म्हणतो प्रश्नच चुकलाय, रद्द करायला हवा. दुसरा म्हणतो, चुकलंय कुठे? तीन वर्षांपूर्वी वडील ४५ आणि मुलगा १५ होता की! हा वाद या शहराहून आणि या परीक्षांहून कितीतरी जुना आहे.

वयाचं सर्वांत प्रसिद्ध कोडं ग्रीक आहे. एका गणितज्ञाच्या थडग्यावरचा लेख म्हणून ते सांगितलं जातं. आयुष्याचा सहावा भाग बालपण, बारावा भाग तारुण्य, आणखी सातवा भाग गेल्यावर लग्न, पाच वर्षांनी मुलगा, मुलाला बापाच्या निम्मं आयुष्य, आणि त्याच्यामागे बाप चार वर्षं जगला. उत्तर ८४. आपल्याकडच्या भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणितग्रंथातल्या इष्टकर्माने, म्हणजे सोयीची एक संख्या धरून हिशोब जुळवण्याच्या रीतीने, हे तोंडी सुटतं. ८४ धरून चला. १४, ७, १२ आणि ४२ मिळून ७५ होतात, उरतात ९, आणि ५ अधिक ४ म्हणजेही ९. क्लासमध्ये ‘पर्याय घालून बघा’ म्हणतात ते याच्याच जवळचं. फक्त ‘आज इतके, अमुक वर्षांनी तितके’ असा दोन काळांचा प्रश्न आला की नुसतं इष्ट धरून प्रमाणात वाढवण्याची युक्ती चालत नाही. तिथे अव्यक्त राशी, म्हणजे क्ष, घेऊन समीकरणच मांडावं लागतं.

बाराव्या शतकात लीलावतीकारांनी ‘बीजगणित’ही लिहिलं. नाशिकरोडहून रेल्वेने मनमाड, नांदगाव मागे टाकलं की चाळीसगाव, आणि तिथून साधारण १८ किलोमीटरवर पाटण. तिथल्या १२०७ च्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने काढलेल्या मठाला दिलेल्या दानाची नोंद आहे. म्हणजे हे गणित आपल्या शेजारीच शिकवलं जात होतं.

त्याच ‘बीजगणिता’त वानरांचं एक उदाहरण आहे. कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करून जे उरेल त्याच्या वर्गाइतके वानर गुहेत गेले आणि एक झाडावर दिसला, तर कळप केवढा? समीकरणातून दोन उत्तरं येतात, ५० आणि ५. पन्नासाचा पाचवा भाग १०, त्यातून ३ गेले ७, वर्ग ४९, अधिक १, झाले ५०. पाचाचा पाचवा भाग १, त्यातून ३ गेले उणे २, वर्ग ४, अधिक १, झाले ५. आकडेमोड दोन्हींची जुळते. तरी ग्रंथकाराने ५ नाकारलं. व्यक्त, म्हणजे प्रत्यक्ष आकड्यातली, संख्या ऋण झाली की लोकांना ती पटत नाही, असं कारण दिलं. धन-ऋणाचे नियम ६२८ सालीच लिहिले गेले होते, तेव्हा नियम माहीत नव्हते असं नाही. मागे राहिला होता तो लोकांचा विश्वास.

नंतर हाच घोळ थेट वयाच्या गणितात उगवला. मदुराईत १८०६ मध्ये जन्मलेल्या एका इंग्रज गणितज्ञाने १८३१ च्या पुस्तकात प्रश्न घातला: बाप ५६, मुलगा २९, बापाचं वय मुलाच्या दुप्पट कधी होईल? उत्तर उणे २. त्याने ते निरर्थक ठरवलं, आणि ‘किती वर्षांपूर्वी’ असा प्रश्न बदलून घ्यायला सांगितलं. माझ्या मते ही तडजोड होती, आणि तीच आजवर चालत आली आहे.

देवळालीत १९३० ते १९६२ शाळामास्तरकी केलेल्या गणितप्रेमी कापरेकर गुरुजींचा ६१७४ चा खेळ १९४९ चा. सगळे सारखे नसलेले चार अंक चढत्या-उतरत्या क्रमाने मांडायचे, मोठ्यातून लहान वजा करायचं, पुन्हा तेच, की शेवटी ६१७४ येतोच. तिथे उणे येण्याची सोयच ठेवलेली नाही. आपली वजाबाकीची सवयही अशीच असते.

शाळेत आता पूर्णांक संख्या सहावीला येतात, एकचल समीकरणं आठवीला, दोन चलांची नववी-दहावीला. दहावीच्या पुस्तकातलं एक उदाहरण सुबक आहे: वडिलांचं वय अधिक मुलाच्या वयाची दुप्पट ७०, वडिलांच्या वयाची दुप्पट अधिक मुलाचं वय ९५. सहगुणक उलटसुलट असल्याने बेरीज केली की वयांची बेरीज ५५ आणि वजाबाकी केली की फरक २५. वडील ४०, मुलगा १५. छान सुटतं, पण उणे उत्तराला यात जागा नाही. पूर्णांकांच्या प्रकरणात शिकलेलं उणे चिन्ह वयाच्या गणितापर्यंत पोचतच नाही.

भरतीच्या लेखी परीक्षेने ही दरी आणखी रुंद केली. पोलीस भरतीला ९० मिनिटांत १०० प्रश्न, म्हणजे एकाला ५४ सेकंद. सकाळी मैदानावर धावून आलेला मुलगा दुपारी समीकरण मांडत बसत नाही. चार पर्याय एकेक करून घालतो. पर्यायांत उणे सहसा नसतंच, त्यामुळे वाद वर येत नाही. खरं तर चिन्ह आधीच कळू शकतं. वयांतला फरक कायम राहतो, म्हणून ‘किती पट’ हा आकडा वर्षागणिक घटतच जातो. ४८ आणि १८ मध्ये तो आजच तिनापेक्षा कमी आहे, मग तिप्पट पुढे कुठून होणार? फरक ३०, तिप्पट असताना तो मुलाच्या वयाच्या दुप्पट, म्हणजे मुलगा १५. पर्याय घालण्यापेक्षा हे लवकर होतं, तरी वयवारीच्या सूत्रांच्या यादीत ते क्वचितच दिसतं.

परीक्षेनंतर आधी तात्पुरती उत्तरतालिका येते, मग हरकती, मग अंतिम. अशा प्रश्नात पर्यायांत नुसतं ३ छापलेलं असलं, तर ‘किती वर्षांनी’ या शब्दांवर बोट ठेवून प्रश्न रद्द करून मागता येतो, आणि ‘उणे ३ म्हणजेच तीन वर्षांपूर्वी’ म्हणून तो राखूनही मागता येतो. प्रश्न काढणारे बहुधा त्या वाटेला जातच नाहीत. आधीच ‘किती वर्षांपूर्वी’ लिहून मोकळे होतात.